श्रेयांक, सूट आणि समकक्षता : पूर्वाध्ययनाच्या परिभाषेची चिकित्सा

१

विद्यापीठीय व्यवहाराची परिभाषा हा मराठी भाषाभ्यासात काहीसा उपेक्षित राहिलेला विषय आहे. वाङ्मयसमीक्षेच्या परिभाषेवर मराठीत पुष्कळ लिहिले गेले. १९६० मध्ये भाषा संचालनालय स्थापन झाल्यानंतर शासनव्यवहाराच्या परिभाषेचाही पद्धतशीर विचार झाला. परंतु विद्यार्थ्याचा प्रवेश, परीक्षा, स्थलांतर आणि पदवी ज्या शब्दांनी ठरतात, त्या शब्दांकडे केवळ कार्यालयीन सोय म्हणून पाहण्याची सवय जडली आहे. वस्तुतः हे शब्द निरुपद्रवी नाहीत. विद्यार्थ्याचे एक वर्ष हिशेबात धरले जाईल की वाया जाईल, हे पुष्कळदा एखाद्या संज्ञेच्या अर्थावरच अवलंबून असते.

पूर्वी केलेल्या अध्ययनाची पुढील पदवीसाठी दखल घेण्याचा प्रश्न या दृष्टीने विशेष उद्बोधक आहे. या एका व्यवहारासाठी मराठीत निरनिराळ्या काळी 'सूट', 'समकक्षता', 'मान्यता' आणि 'श्रेयांक' असे शब्द रूढ झाले. हे शब्द एकमेकांचे पर्याय नव्हेत. प्रत्येकामागे विद्यार्थी, विद्यापीठ आणि विद्या यांच्या परस्परसंबंधाची निराळी कल्पना उभी आहे. त्या कल्पना तपासणे आणि आज सर्वत्र रूढ होत असलेली 'श्रेयांक हस्तांतरण' ही संज्ञा कितपत यथार्थ आहे हे पाहणे, एवढेच प्रस्तुत विवेचनाचे प्रयोजन आहे.

२

प्रश्न अमूर्त राहू नये म्हणून तो एका स्थळी रोवून पाहणे इष्ट होय. नाशिक जिल्ह्यातील नांदगाव हे तालुक्याचे गाव त्या दृष्टीने सोयीचे आहे. मुंबई-भुसावळ लोहमार्गावर मनमाड आणि चाळीसगाव यांच्या दरम्यान ते वसले आहे. तालुक्याच्या पूर्वेस जळगाव जिल्ह्याचा चाळीसगाव तालुका लागतो आणि दक्षिणेच्या बाजूस छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातील वैजापूर-कन्नडचा प्रदेश लागतो. परिणामी तीन विद्यापीठांची कार्यक्षेत्रे येथे परस्परांना भिडतात. नांदगावचे महाविद्यालयीन शिक्षण सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या कक्षेत येते, चाळीसगावचे कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाच्या, आणि वैजापूरचे डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाच्या. त्यांखेरीज नाशिक येथेच मुख्यालय असलेले यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ साऱ्या राज्याला आपले कार्यक्षेत्र मानते.

या सीमा प्राचीन नव्हेत. १९४९ पूर्वी नांदगाव आणि चाळीसगाव या दोन्ही गावांसाठी विद्यापीठ म्हणजे मुंबई विद्यापीठच होते. पुणे विद्यापीठ स्थापन झाल्यावर दोन्ही गावे त्याच्याकडे आली. १९९० मध्ये जळगाव येथे उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ निघाले, तेव्हा प्रथमच या दोहोंच्या मधून विद्यापीठाची सीमारेषा गेली. वैजापूर आणि कन्नड यांचा इतिहास निराळा आहे. निजामाच्या राज्यातील या प्रदेशाचे उच्च शिक्षण हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठाशी निगडित होते, आणि १९१८ मध्ये सुरू झालेल्या त्या विद्यापीठाचे माध्यम प्रथम उर्दू होते. मराठवाडा विद्यापीठाची स्थापना १९५८ मधील.

या परिसरातील बोलींचा अभ्यास करणाऱ्यास एक गोष्ट सहज जाणवते. बोली अशी एका रेषेवर तुटत नाही. चाळीसगावकडची अहिराणी नांदगाव तालुक्यातही ऐकू येते. घाटमाथ्याच्या दक्षिणेकडील मराठीचे विशेषही हळूहळू मिसळत जातात, आणि कोणत्या गावी एक बोली संपून दुसरी सुरू झाली हे सांगणे अवघड होते. सोयरिकी, बाजारहाट आणि नोकऱ्या याच नियमाने चालतात. विद्यापीठाची सीमा मात्र स्पष्ट रेषेची असते. चाळीसगावच्या महाविद्यालयात कला शाखेचे प्रथम वर्ष पूर्ण केलेली मुलगी विवाहानंतर नांदगावी आली, तर आगगाडीने तासाभरातही न लागणाऱ्या या अंतरात तिच्या भाषेत वा वाचलेल्या ग्रंथांत काहीही बदल होत नाही. बदल होतो तो तिच्या अध्ययनाच्या दर्जात. काल जे 'उत्तीर्ण वर्ष' होते, ते आज 'अन्य विद्यापीठातील पूर्वाध्ययन' होते. त्याचे काय करावयाचे, हा निर्णय कोणीतरी, कोणत्या तरी शब्दांत देणे आता आवश्यक होते.

३

हा निर्णय देण्याचा सर्वांत जुना आणि विद्यार्थ्यांच्या तोंडी सर्वाधिक रुळलेला शब्द म्हणजे 'सूट'. एखाद्या विषयात विहित गुण मिळविलेल्या विद्यार्थ्यास त्या विषयाची परीक्षा पुन्हा द्यावी लागत नसे. त्याला 'सूट मिळाली' किंवा 'एक्झम्प्शन मिळाले' असे म्हणत. 'सुटणे' या क्रियापदाशी संबद्ध असलेला हा शब्द मराठीत कर, दंड, भाडे आणि शिक्षा यांच्या संदर्भात येतो. ज्यातून सूट मिळते ते ओझे असते, आणि सूट देणारा वरिष्ठ असतो. परीक्षा हे ओझे आणि विद्यापीठ हा दाता, अशी मांडणी या शब्दात गृहीत आहे. विद्यार्थ्याने काय शिकले याविषयी तो शब्द काहीच बोलत नाही. त्याला काय करावे लागणार नाही, एवढेच सांगतो. तथापि या शब्दाचा प्रामाणिकपणाही मान्य केला पाहिजे. निर्णय विद्यापीठाचा आहे, ही वस्तुस्थिती तो झाकीत नाही.

'समकक्षता' हा शब्द अधिक प्रौढ आणि अधिक फसवा आहे. 'समकक्ष' म्हणजे एकाच पायरीचा, बरोबरीचा. शब्दाचा रोख पदाकडे आहे, आशयाकडे नाही. दोन सरदार समकक्ष असू शकतात. त्यांची वतने सारखी असली पाहिजेत असे नाही. विद्यापीठीय व्यवहारात मात्र या एकाच संज्ञेखाली दोन भिन्न प्रश्न विचारले जातात. पहिला प्रश्न असा, की अमुक पदवी अमुक पदवीच्या पायरीची आहे काय? भारतीय विद्यापीठ संघ, जो १९२५ मध्ये आंतरविद्यापीठ मंडळ म्हणून स्थापन झाला, तो दीर्घकाळ या प्रकारच्या प्रश्नाचे उत्तर देत आला आहे. दुसरा प्रश्न असा, की या विद्यार्थ्याने अभ्यासलेली अमुक अभ्यासपत्रिका आपल्या अमुक अभ्यासपत्रिकेचे काम भागवील काय? पहिला प्रश्न दर्जाचा आहे, दुसरा आशयाचा. पहिल्याचे उत्तर एकदा दिले की सर्वांना लागू पडते. दुसऱ्यासाठी दोन्ही अभ्यासक्रम समोर ठेवून वाचावे लागतात. संज्ञा एकच असल्यामुळे पहिल्या प्रश्नाचे होकारार्थी उत्तर दुसऱ्यासाठी पुरेसे आहे असे विद्यार्थ्यास वाटते, आणि तेथेच त्याचा भ्रमनिरास होतो.

'पात्रता प्रमाणपत्र' आणि 'स्थलांतर प्रमाणपत्र' या जोडशब्दांचीही येथे नोंद घ्यावयास हवी. पहिला विद्यार्थ्याच्या योग्यतेविषयी बोलतो, दुसरा त्याच्या जागेविषयी. विद्यार्थी पात्र आहे आणि त्याने स्थलांतर केले आहे, एवढे या दोन कागदांवरून सिद्ध होते. त्याने जे वाचले त्याचे पुढे काय झाले, हा प्रश्न तरीही शिल्लकच राहतो.

४

'मान्यता' या शब्दाचा विचार महर्षी धोंडो केशव कर्वे यांच्या महिला विद्यापीठाच्या उल्लेखावाचून पुरा होऊ शकत नाही. १९१६ मध्ये स्थापन झालेल्या या विद्यापीठाने मातृभाषेचे माध्यम स्वीकारले आणि पदव्यांनाही संस्कृत नावे दिली. पदवीधर स्त्री ही 'गृहीतागमा', आणि तिच्या पुढची पायरी गाठलेली 'प्रदेयागमा'. रचनेच्या दृष्टीने हे दोन्ही बहुव्रीही समास आहेत. जिने आगम, म्हणजे विद्या, ग्रहण केली आहे ती गृहीतागमा; जिची विद्या आता इतरांस देण्याजोगी झाली आहे ती प्रदेयागमा. 'बॅचलर' आणि 'मास्टर' या पदव्यांच्या नावांत शिक्षणाची क्रिया दिसत नाही. या दोन नावांत मात्र घेणे आणि देणे या विद्याव्यवहाराच्या दोन मूलभूत क्रिया व्यक्त झाल्या आहेत. पदवीच्या नावातच विद्यार्थिनीला कर्ती मानणारी अशी परिभाषा आपल्याकडे दुसरी क्वचितच आढळेल.

परंतु नाव यथार्थ असले म्हणजे व्यवहार सुकर होतो असे नाही. या विद्यापीठास वैधानिक मान्यता मिळाली ती १९५१ मध्ये. तोपर्यंतची पस्तीस वर्षे या पदवीधर स्त्रियांची विद्या विद्यापीठाच्या आत पूर्ण होती आणि कायद्याच्या लेखी अनिश्चित होती. याच काळात कमलाबाई देशपांडे या गृहीतागमेने प्राग येथील विद्यापीठाची डॉक्टरेट मिळविली. जे अध्ययन स्वदेशातील कायद्याच्या चौकटीबाहेर होते, ते परदेशातील एका विद्यापीठाला पुढील संशोधनाचा पाया म्हणून पुरेसे वाटले, ही घटना अर्थपूर्ण आहे. 'मान्यता' हा अध्ययनाचा गुणधर्म नसून ऐकणाऱ्याच्या तयारीचा गुणधर्म आहे, हे तिच्यावरून सिद्ध होते. व्याकरणदृष्ट्याही 'मान्य' हे कर्मवाच्य कृदन्त आहे. मानणारा कोणीतरी असल्यावाचून कोणतीही वस्तू मान्य होत नाही.

५

आता 'श्रेयांक'. मराठीत हा शब्द स्थिर करण्यात १९८९ मध्ये स्थापन झालेल्या मुक्त विद्यापीठाच्या पाठ्यपुस्तकांचा आणि माहितीपत्रकांचा वाटा मोठा आहे. 'शिक्षणक्रम' आणि 'अभ्यासक्रम' यांतील भेद, 'अभ्यासकेंद्र', 'संमंत्रक' अशी एक सुसंगत परिभाषा त्या विद्यापीठाने वापरात आणली. बारावीपर्यंत पोहोचू न शकलेल्या प्रौढांसाठी त्याने 'पूर्वतयारी'चा मार्गही उघडला. योगायोग असा, की त्याच १९८९ मध्ये युरोपातील विद्यापीठांनी परस्परांच्या विद्यार्थ्यांचे अध्ययन मोजण्यासाठी आपली श्रेयांकपद्धती प्रायोगिक रूपाने सुरू केली.

शब्दाच्या घडणीकडे पाहता एक विसंगती लक्षात येते. 'श्रेयस्' म्हणजे अधिक चांगले, कल्याणकारक. मराठीत 'श्रेय' म्हणजे एखाद्या कृतीचे यश ज्याच्याकडे जाते ते. 'श्रेय देणे', 'श्रेय लाटणे' हे वाक्प्रचार त्याच अर्थाचे. या अर्थाने श्रेयांक म्हणजे गुणवत्तेचे माप ठरावयास हवे. प्रत्यक्षात श्रेयांक गुणवत्ता मोजीत नाही. तो वेळ मोजतो. मुक्त विद्यापीठात एका श्रेयांकामागे विद्यार्थ्याच्या अध्ययनाचे ३० तास धरले जातात. २०२३ च्या राष्ट्रीय श्रेयांक आराखड्यातही वर्षाचे १२०० तास आणि ४० श्रेयांक, म्हणजे तेच प्रमाण आहे. महाविद्यालयाच्या वेळापत्रकात मात्र श्रेयांक म्हणजे आठवड्याला एक तास याप्रमाणे सत्रातील १५ तासांचे अध्यापन, असाच अर्थ व्यवहारात घेतला जातो. पहिले माप शिकणाऱ्याकडे पाहून केलेले आहे, दुसरे शिकविणाऱ्याकडे पाहून. दोन्हींचा हिशेब जुळविता येतो, हे खरे. पण काठावर उत्तीर्ण झालेल्याला आणि प्रथम आलेल्याला श्रेयांक सारखेच मिळतात, हेही तितकेच खरे. वेळेच्या मापाला 'श्रेय' हे नाव देऊन परिभाषेने मोजण्याच्या क्रियेला मूल्यमापनाची वस्त्रे चढविली आहेत.

मूळ शब्दाचा इतिहास याहून वेगळ्या दिशेने नेतो. 'क्रेडिट' हा शब्द विश्वास ठेवणे या अर्थाच्या लॅटिन 'क्रेदेरे' या धातूवरून आला, आणि त्या धातूचे संस्कृतातील सगोत्र रूप 'श्रेय' हे नसून 'श्रद्धा' हे आहे. 'श्रत्' आणि 'धा' यांचा हा जोड इंडो-युरोपीय कुलातील प्राचीन वारसा असल्याचे तौलनिक भाषाशास्त्राने दाखवून दिले आहे. व्युत्पत्तीवरून आजचा अर्थ ठरवू नये, हे भाषाभ्यासाचे पहिले पथ्य आहे, आणि म्हणून 'श्रद्धांक' असा शब्द सुचविण्याचा मोह टाळलेलाच बरा. तथापि व्यवहाराचे स्वरूप समजून घेण्यास हा संबंध उपयोगी पडतो. एका विद्यापीठाने दुसऱ्या विद्यापीठातील अध्ययन स्वतःच्या पदवीत मोजून घेणे, म्हणजे स्वतः न पाहिलेल्या गोष्टीविषयी स्वतःच्या सहीने साक्ष देणे होय. ही साक्ष विश्वासावाचून देता येत नाही. तेव्हा विद्यापीठे या बाबतीत सावध असतात यास केवळ कार्यालयीन कोतेपणा म्हणणे अन्यायाचे होईल. सही त्यांची असते.

६

या पार्श्वभूमीवर 'श्रेयांक हस्तांतरण' आणि श्रेयांकांची 'बँक' वा 'पेढी' या अलीकडील संज्ञा पाहाव्यात. विद्यापीठ अनुदान आयोगाने जुलै २०२१ मध्ये या पेढीविषयीचे विनियम प्रसिद्ध केले. विद्यार्थ्याने निरनिराळ्या संस्थांत मिळविलेले श्रेयांक त्याच्या नावे जमा राहावेत आणि पदवीसाठी वापरता यावेत, ही त्यामागील योजना. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार अभ्यासक्रमांची पुनर्रचना २०२४-२५ पासून महाराष्ट्रातील संलग्न महाविद्यालयांत पोहोचल्यावर नांदगावसारख्या ठिकाणच्या विद्यार्थ्यांच्या तोंडी 'एटीकेटी'च्या शेजारी 'एबीसी' हा शब्दही येऊन बसला.

या योजनेचा लाभ निर्विवाद आहे. पूर्वी विद्यार्थ्याचे अध्ययन ज्या विद्यापीठाच्या दप्तरात असे तेथेच अडकून पडे. आता त्याची नोंद विद्यार्थ्याच्या नावे राहते. अर्धवट सुटलेल्या शिक्षणालाही काही नाव आणि संख्या आहे, ही जाणीव लहान गावातील विद्यार्थ्यास बळ देणारी आहे. परंतु पेढीचे रूपक जेवढे उघड करते तेवढेच झाकतेही. 'हस्तांतरण' हा मिळकतीच्या व्यवहाराचा शब्द आहे. मिळकत एका हातातून दुसऱ्या हातात जाते तेव्हा ती तीच राहते, आणि घेणाऱ्याने ती समजून घेण्याची गरज नसते. रुपया कोणत्या गावी मिळविला हे पेढी विचारीत नाही. अध्ययनाचे तसे नाही. पदवी देणाऱ्या संस्थेकडे किमान ५० टक्के श्रेयांक मिळविले पाहिजेत, अशी अट या २०२१ च्या विनियमांतच आहे. जमा श्रेयांकांना कमाल सात वर्षांची मुदत आहे. म्हणजे ही पेढी आपल्या खातेदारास सांगते, की ठेव तुझी आहे, पण किमान निम्मी रक्कम आमच्याकडेच कमावलेली हवी, आणि सात वर्षांत न उचलल्यास ती बुडेल. अशा पेढीत कोणी पैसा ठेवणार नाही. याचा अर्थ योजना वाईट आहे असा नव्हे. रूपक चुकीचे आहे, असा आहे.

सात वर्षांच्या मुदतीचा थोडा अधिक विचार करावयास हवा. वेगाने बदलणाऱ्या तांत्रिक विषयांत जुन्या अध्ययनाची उपयुक्तता कमी होते, हे समजण्यासारखे आहे. परंतु सरसकट एकच मुदत लावली असता व्याकरण, काव्यशास्त्र वा मध्ययुगीन वाङ्मय यांचे अध्ययनही संगणकाच्या एखाद्या साधनाबरोबर कालबाह्य ठरते. मुदतीचा भार सर्वांवर सारखा पडत नाही. सलग शिकणाऱ्यास तो जाणवतही नाही. विवाह, बाळंतपणे, वृद्धांची शुश्रूषा यांत दहा वर्षे गेल्यावर अभ्यासाकडे वळणाऱ्या स्त्रीवर, किंवा घरची शेती सावरून परत येणाऱ्या तरुणावर तो पुरा पडतो. पूर्वाध्ययनाची दखल घेण्याची गरज ज्यांना सर्वाधिक, त्यांचेच पूर्वाध्ययन या नियमाने आधी बाद होते.

७

पूर्वाध्ययनाच्या दखलीस योग्य उपमा मिळकतीची नसून भाषांतराची आहे. भाषांतरकारासमोरही 'हे त्याच्या बरोबरीचे आहे काय' हाच प्रश्न असतो, आणि त्याचे उत्तर कोणतीही संख्या देऊ शकत नाही. नावांच्या साम्यावर विसंबणे त्याला परवडत नाही. हिंदीत 'शिक्षा' म्हणजे शिक्षण आणि मराठीत दंड, ही गोष्ट विसरणारा भाषांतरकार जसा फसतो, तसाच 'मराठी भाषेचा इतिहास' हे एकच शीर्षक असलेल्या दोन अभ्यासपत्रिका एकच आहेत असे मानणारा परीक्षकही फसेल. एकीत शिलालेख आणि महानुभाव गद्य यांचा ध्वनिविचार असेल, दुसरीत एकोणिसाव्या शतकातील गद्याचा विकास असेल. उलट, निराळ्या शीर्षकांखाली तेच ग्रंथ आणि तेच प्रश्न असू शकतात. शीर्षक वेगळे म्हणून ते नाकारणे हे, शब्द वेगळा म्हणून अर्थही वेगळा मानण्यासारखे आहे. भाषांतरात पूर्ण तादात्म्याची अपेक्षा कोणी करीत नाही. विशिष्ट प्रयोजनासाठी पुरेसे साम्य, एवढीच अपेक्षा असते. द्वितीय वर्षाचा अभ्यास झेपण्यास प्रथम वर्षाचे हे अध्ययन पुरेसे आहे काय, हाच येथे विचारण्याजोगा प्रश्न आहे. अक्षरशः जुळणी शोधणारा परीक्षक शब्दशः भाषांतर करणाऱ्याची चूक करतो.

ही उपमा मान्य केल्यास जबाबदारीची वाटणीही बदलते. हस्तांतरणात मिळकत सिद्ध करण्याचे ओझे धारकावर असते. त्यामुळे जुना अभ्यासक्रम मिळविणे, त्यावर शिक्का घेणे आणि तो नव्या कार्यालयात सादर करणे ही सारी कामे विद्यार्थ्याची ठरतात. भाषांतरात वाचण्याचे काम भाषांतरकाराचे असते. मजकूर स्वतःचे भाषांतर करून येत नाही. तेव्हा दोन अभ्यासक्रम शेजारी ठेवून वाचणे हे अभ्यास मंडळांचे विद्याविषयक काम आहे आणि विद्यापरिषदेने त्याकडे त्याच दृष्टीने पाहावयास हवे. ज्या तीन विद्यापीठांच्या सीमा नांदगावच्या परिसरात मिळतात, त्यांच्या मराठी, इतिहास, अर्थशास्त्र इत्यादी विषयांच्या अभ्यास मंडळांनी परस्परांच्या अभ्यासपत्रिकांची तुलना एकदा करून, तिची कारणांसह सारणी प्रसिद्ध केली, तर प्रत्येक विद्यार्थ्यासाठी तो निर्णय नव्याने घ्यावा लागणार नाही. द्विभाषी कोश जे काम करतो तेच ही सारणी करील. अभ्यासक्रम बदलला की तिची सुधारित आवृत्ती निघावी. नकार द्यावयाचा झाल्यास कोणता अंश कमी पडला हे विद्यार्थ्यास समजेल अशा मराठीत लिहून द्यावे, आणि तो अंश भरून काढण्याचा मार्गही सांगावा.

संज्ञेचा प्रश्न शेवटी राहतो. 'श्रेयांक' हा शब्द आता इतका रूढ आहे की तो बदलण्याचा आग्रह व्यर्थ होईल. वेळेचे माप म्हणून तो खुशाल नांदावा. 'हस्तांतरण' या शब्दाऐवजी मात्र 'पूर्वाध्ययनाचे परिगणन' असे म्हणणे अधिक यथार्थ ठरेल. परिगणन म्हणजे विचारपूर्वक मोजून घेणे. त्यात मोजणारा दिसतो, त्याची जबाबदारी दिसते आणि 'सूट' या शब्दातील मेहेरबानीही उरत नाही. शब्द बदलल्याने चाळीसगावहून नांदगावी आलेल्या मुलीचे वर्ष आपोआप वाचणार नाही, हे उघड आहे. तिने वाचलेली पुस्तके कोणीतरी वाचून पाहिली पाहिजेत. पण ते काम कोणाचे, एवढे तरी नव्या शब्दामुळे स्पष्ट राहील.